कडुनिंबापासून सात पावलं

मंदाच्या बरगड्या मी रोज मोजत असे. ती झोपली की फ्रॉक हलकेच वर करून, एका बाजूच्या आणि मग दुसऱ्या बाजूच्या. बरगड्या काही एका दिवसात कमीजास्त होत नाहीत, एवढं शरीरशास्त्र मला मॅट्रिकला होतं. तरी मोजायचे, आणि मग डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहायचे. ही पोर खात का नाही? भाकरीचा मधला पापुद्रा खाते, कडा ताटात ठेवते, आणि भाजी म्हटली की ओठ असे मिटते जणू मी विष पाजतेय. हिचं काय होणार?

हसू नका. ज्या घरातून एक मूल गेलेलं असतं, त्या घरातली आई बरगड्या मोजते. मंदाच्या पाठचा धुळ्याला, माझ्या माहेरी, बावीस दिवसांचा होऊन गेला. चार वर्षं झाली. तो विषय आमच्या घरात निघत नाही. इथेही काढणार नव्हते, पण त्याच्याशिवाय पुढचा माझा गाढवपणा तुम्हाला कळायचा नाही. म्हणून एकदाच सांगून टाकलं. आता मुकाट्याने गाढवपणाकडे वळते.

गाढवपणा तसा मी लहानमोठा रोजच करते. पण हा असा मोठा, की अजून गल्लीतून जाताना पदर आपोआप तोंडाशी येतो!

झालं काय, यांची बदली जळगावला झाली आणि कचेरीपासून लांब, अगदी गावाच्या टोकाला आम्हाला जागा मिळाली. आमच्या गल्लीनंतर शाळा, शाळेनंतर नाला, नाल्यापलीकडे कापसाची शेतं. शाळा तीन खोल्यांची. तिच्या मागे अर्धा एकर पडीक रान. त्यात एक म्हातारा कडुनिंब, एक आटलेली विहीर, पडकी भिंत आणि गुडघाभर गवत. बस.

हेडमास्तर कोकणातले. वय तीसच्या आत, अंगाने काडी, पण उत्साह असा की बोलता बोलता खुर्चीवरून उठतात आणि बसायचं विसरतात. त्यांच्या डोक्यात आलं, या पडीक रानात मुलांच्या हातून शेती करायची. मेथी, वांगी, टमाटे, भिंतीला भोपळ्याचा वेल, विहिरीकडे दोन केळी. आणि जे पिकेल ते मुलांनीच घरी न्यायचं.

“स्वतः लावलेली भाजी मूल खातंच, वहिनी,” ते मला म्हणाले. “मी पैजेवर सांगतो!”

झालं! त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे मंदाच्या बरगड्या मेथीने झाकल्या गेल्या.

पण त्या जागेवर आणखी एकाचा डोळा होता. नाल्यापलीकडे एक कापसाचं जिन आहे. त्यांना सरकीचे ढीग आणि कापसाच्या गाठी ठेवायला तीच जागा हवी होती. नगरपालिकेने सांगितलं, रविवारी शाळेत सभा घ्या. गल्लीतल्या लोकांना शेती हवी असेल तर जागा शाळेची, नसेल तर जिनाची. म्हणजे सभेआधी घरोघर जाऊन लोकांचं मत घ्यायला हवं.

“ते काम तुमचं,” हेडमास्तर म्हणाले. “दिवसा घरी बायका असतात. मी एकटा, बिनलग्नाचा. दारात उभा राहिलो तर वांग्याची गोष्ट निघायच्या आधी माझ्या लग्नाची निघेल.”

मी नवी कोरी वही घेतली. पट्टीने चार रकाने आखले. नाव, काय लावावं, पाणी आणि खत कोण देणार, इतर सूचना. ‘इतर सूचना’ हा रकाना हेडमास्तरांनी सांगितला नव्हता बरं का! तो माझ्या हौसेचा. मॅट्रिक झालेल्या बाईला रकाने कमी पडतात.

त्याच रकान्याने माझा घात केला.

पहिलं घर अक्कांचं. अक्का गल्लीतल्या सगळ्यांत वडील. चार मुलगे, सुना, नातवंडं, आणि ओट्यावर सूपभर मूग घेऊन बसलेल्या अक्का.

“ये व मंदानी माय, बस. चहा लेशी का?”

“नको अक्का. शाळेमागे शेती करायची म्हणतायत. काय काय लावावं, तुमचं मत हवंय.”

“मनं मत?” अक्का सुपातच हसल्या. “मनं मत आजलोंग कोन्ही इचारं नही.”

“मी विचारतेय ना!”

“मंग लिख. जे लावनं शे ते लाव. बठ्ठं लाव. पन निमपासून सात पावलं, हिरीकडे, तठे खंदू नको.”

म्हणजे कडुनिंबापासून विहिरीच्या दिशेने सात पावलांवर खणायचं नाही. मी पेन्सिल थांबवली.

“सातच का? सहा का नाहीत?”

“सात शेतस म्हनीसन सात.”

“पण तिथे आहे काय?”

अक्कांचा हात मुगात थांबला. “काय नही,” त्या म्हणाल्या. “जागा शे.”

मी प्रामाणिकपणे लिहून घेतलं: ‘सात पावलांवर खणू नये. कारण: काही नाही, जागा आहे.’

दुसरं घर शेवंताबाईचं. ही माझ्याच वयाची, नवऱ्याचा टांगा आहे. चुलीपुढे बसून ती भाकऱ्या थापत होती. मी विचारलं तशी लगेच म्हणाली, “झेंडू लावा.”

“अगं, झेंडू काय खायचाय?”

“मग मेथी लावा. पण मुळा नको. रताळं नको. बटाटा तर नकोच.”

“का बरं?”

“खोल जातात, ताई.”

“मुळा खोल जाणारच की! त्याला दुसरं काय येतं?”

ती हसली नाही. मला वाटलं, विनोद कळला नाही. मग मी तिला जीवनसत्त्वं समजावून सांगितली. अहो, खरंच! चुलीपुढे बसलेल्या त्या बाईला मी गाजरात काय असतं आणि ते लेकरांच्या डोळ्यांना कसं चांगलं, यावर भाषण दिलं. “लेकरांच्या वाढीचा प्रश्न आहे,” असंही म्हणाले. तिने तोंड चुलीकडे फिरवलं. डोळे पदराने पुसले.

मी ‘इतर सूचना’मध्ये लिहिलं: ‘चुलीच्या धुराचा फार त्रास. धुराडं बसवणे आवश्यक.’

आता तुम्हीच सांगा, मला काय म्हणावं?

तिसरं घर गिरजाबाईचं. ही पहूरकडची, अंगाने धिप्पाड, आवाज असा की गल्लीच्या दोन्ही टोकांना कळावं आज हिच्याकडे कशाची भाजी आहे. तिला शेतीचं सांगितल्याबरोबर म्हणाली, “पाणी मी घालीन. रोज दोन हंडे.”

मला तर तिला मिठीच मारावीशी वाटली. पाण्याचाच प्रश्न होता!

“पण भिंतीपाशी तो चपटा दगड आहे ना,” ती पुढे म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम एवढासा झाला. “त्याच्या अलीकडे घालीन. दुसरीकडे नको सांगू.”

“पण तिथे तर काहीच लावणार नाही आपण. तिथे रस्ता येईल.”

“मग रस्ता वळवा.”

‘गिरजाबाई: पाणी देण्यास तयार, परंतु स्थळ स्वतः निवडणार,’ असं मी लिहिलं. शेजारी उद्गारचिन्हही दिलं.

असं करत गल्ली संपली. जवळजवळ प्रत्येक घरात एक बाई, आणि प्रत्येक बाईचं एक माप. कोणाची विहिरीपासून बारा पावलं, कोणाची कडुनिंबाच्या सावलीची सकाळची बाजू. कोणाला काही खोल गेलेलं चालेना, कोणाला नांगर चालेना. आणि गंमत म्हणजे विचारलं, “तुम्ही बघितलीय ती जागा?” तर जी ती म्हणे, “छे, मी कधी गेले नाही तिकडे.” न गेलेल्या जागेचं माप पावलापर्यंत पाठ! मला वाटलं, खानदेशातल्या बायका जन्मतःच भूमिती शिकून येतात की काय?

शेवटचं घर नानांचं. नाना म्हणजे भुसावळ लाइनवर गँगमन होते, आता थकलेत. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला “बरं शे ना माय?” एवढंच विचारतात. त्यांच्या घरी बाई नव्हती. मी बायकांची मतं घेत होते. म्हणून तेवढ्या एका माणसाला विचारायचं राहिलं.

घरी आल्यावर मी विचार करू लागले, आणि शिकलेली बाई विचार करू लागली की काय होतं ते आता पाहा. या बायका काहीतरी लपवताहेत. कारण सांगत नाहीत. माप मात्र चोख. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! निजामाच्या हद्दीत धामधूम चालली होती त्या वर्षी इकडच्या गावांतून लोकांनी दागिने, भांडी जमिनीत पुरून ठेवल्याचं मी ऐकलं होतं. तसंच! गावाबाहेरचं ओसाड रान, रात्रीतून पुरलं असणार, आणि आता कोणी कोणाला सांगत नाही.

संध्याकाळी हे कचेरीतून आल्याबरोबर मी त्यांना हा शोध सांगितला. त्यांनी वही हातात घेतली. ‘इतर सूचना’ वरपासून खालपर्यंत वाचल्या. एकदा वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

“हा रकाना सभेत वाचू नकोस,” ते म्हणाले.

“का?”

“नको. एवढंच.”

“अहो, पण का ते सांगा ना!”

ते उठून हातपाय धुवायला गेले. नुकतेच धुऊन आले होते तरी. मी मनात म्हटलं, पुरुष असेच. बायकोने शोध लावलेला बघवत नाही.

आणि मग मी त्या जागेचा नकाशा काढायला घेतला! मंदाची रंगीत पेन्सिलींची पेटी घेतली, दुपारी रानात जाऊन लुगडं सावरत पावलं मोजली, आणि जिथे जिथे खणू नका म्हणाल्या तिथे तिथे लाल फुली मारली. नकाशाच्या कोपऱ्यात ठसठशीत लिहिलं: ‘लाल फुली म्हणजे अडथळा.’

मंदा शेजारी पालथी पडून बघत होती. ती म्हणाली, “आई, तिथे धावायचं नसतं. शाळेतली सगळी मुलं तिथे हळू चालतात.”

“काटे असतील. चपला घालत जा.”

“काटे नाहीत गं. तसंच असतं.”

“बरं, तसंच असतं. मेथी उगवली की खाणार ना?”

“बघू,” मंदा म्हणाली.

रविवारी दुपारी शाळेच्या ओसरीत सतरंज्या घातल्या. पुढे पुरुष, मागे भिंतीला टेकून बायका. नगरपालिकेचे एक गृहस्थ, जिनाचे मुनीम, आणि अगदी पुढे, मांडी घालून, नाना. हेडमास्तर चार वाक्यं बोलले, त्यात तीनदा उठले. मग म्हणाले, “आता वहिनी लोकांची मतं वाचून दाखवतील.”

मी उभी राहिले. आवाज बरा लागला. काय लावावं ते वाचलं, माना डोलल्या. पाणी आणि खत वाचलं, गृहस्थांनी टिपून घेतलं. सगळं छान चाललं होतं. हे मागच्या खांबापाशी उभे होते, ते मान हलवत होते. नाही, नाही म्हणून. मला वाटलं, शाबासकी!

मी नकाशा उलगडला.

“आता अडथळे,” मी म्हटलं. “पहिला अडथळा अक्कांचा. कडुनिंबापासून सात पावलं.”

ओसरी गप्प झाली. मला वाटलं, लोक लक्ष देऊन ऐकताहेत. “दुसरा अडथळा शेवंताबाईंचा,” मी म्हटलं. तिसरा, चौथा. एकेक नाव, एकेक माप, खणखणीत आवाजात, नवरे आणि सासरे पुढे बसलेले असताना. मग मी नकाशा खाली ठेवला आणि, देवा रे, मी चक्क हसले. सगळं समजल्यासारखं, प्रेमाने हसले.

“हे बघा,” मी म्हटलं, “कोणाचं काय आहे ते मला विचारायचं नाही. गावचं आहे, गावात राहील. पण सोमवारनंतर नांगर फिरणार. तेव्हा ज्यांनी ज्यांनी तिथे काही पुरून ठेवलं असेल, त्यांनी त्याआधी काढून घरी न्यावं.”

मागून एक आवाज आला. रडण्याचा नव्हे. श्वास आत घेतल्याचा, पण सगळ्या बायकांनी एकदम.

मी अजून उभीच! पुढे नाना बसलेले दिसले, आणि मला आणखी एक सुचलं. “नाना, तुम्ही रेल्वेत आयुष्यभर मापं घेतलीत,” मी म्हटलं. “तुम्हीच सांगा, ह्या बायकांच्या पावलांचं काय करायचं?”

नाना उठले. त्यांना उठायला वेळ लागला.

“ती पावलं त्यास्नी नहीत, माय,” ते म्हणाले. “ती पावलं मनी शेतस.”

मला तरीही कळलं नाही. खरंच सांगते, नाही कळलं.

“आठे पेठ नव्हती तवय हाई रान गावना बाहेर व्हतं,” नाना सावकाश बोलू लागले. “ल्हान लेकरू गेलं, की त्याले जाळतस नही. मातीमा ठेवतस. बाप हात लावाले घाबरे. मंग मी लई जाऊ. आनि बाईले येऊ देत नही. ती दारमा उभी ऱ्हास. मी परत वना का ती इचारे, नाना, कथा ठेवं? म्हनीसन मी पावलं मोजू. निमपासून सात. हिरीपासून बारा. घर येईसन सांगू. बाईले तेवढंच.”

मग माझ्याकडे बघून, जराही न रागावता म्हणाले, “ते काढता येस नही, माय.”

ओसरीच्या कडेला मंदाच्या वर्गातली बुटकी बाकं सारून ठेवली होती. मी त्यातल्याच एकावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. हातात नकाशा होता, त्याच्या कोपऱ्यात माझ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, लाल फुली म्हणजे अडथळा.

बावीस दिवसांचं बाळ ज्या बाईच्या मांडीवरून उचलून नेलं, तिला हे कळू नये? मला? धुळ्याला मीही दारात उभी होते. माझा दादा आणि शेजारचे एक आबा बाळाला घेऊन पांझरा नदीच्या बाजूला गेले. दादा परत आला, अंगणात आंघोळ केली, आणि मी आत निघून गेले. कुठे ठेवलं, हे अक्कांनी विचारलं. शेवंताने विचारलं. मी विचारलंच नव्हतं. म्हणून तर मला त्या पावलांचा अर्थ लागेना. आणि यांना लागला होता, पण सांगायचं तर तो विषय घरात काढावा लागला असता.

जिनाच्या मुनिमांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गृहस्थांनी विचारलं, “मग शेती नको का?”

सगळे नानांकडे बघू लागले. पण बोलल्या अक्का, मागून, भिंतीपासून. पुरुषांच्या सभेत अक्का!

“शेती करा,” त्या म्हणाल्या. “गाठींखाले काय ऱ्हाई? पोरंस्ना जोडे पोरं ऱ्हाऊ द्या.” आणि मग, “खोल खंदू नका. बस.”

मुलांच्या शेजारी मुलं राहू द्या. गृहस्थांनी ते लिहिलं की नाही मला माहीत नाही. पण हात सगळ्यांचे वर झाले.

तुम्हाला वाटेल, चला, जागा मिळाली, शेवट गोड झाला. माझ्यासाठी कसला गोड! घरी येऊन मी नकाशा चुलीत घालायला निघाले. ह्यांनी माझा हात धरला. नकाशा काढून घेतला आणि देवांच्या फळीवर ठेवला. सोमवारी सकाळपासून मी दार लावून बसले. आता ह्या गल्लीत राहायचं कसं? पारोळ्याला सासरी जावं, की यांना बदलीचा अर्ज करायला लावावा?

दुपारी कडी वाजली. दारात अक्का. मागे शेवंताबाई, गिरजाबाई, आणखी पाचसहा जणी. मी मनात म्हटलं, आल्या. आता बोला काय बोलायचं ते.

मी पाया पडायला वाकले, तर अक्का म्हणाल्या, “ते ऱ्हाऊ दे. ते कागद कथा शे?”

मी फळीवरून नकाशा काढला. त्यांच्यापुढे उलगडला. अक्का खाली बसल्या. “मनं दखाड.”

मी त्यांचं बोट धरून फुलीवर ठेवलं. कडुनिंब हा, विहीर ही, आणि हे तुमचं. अक्कांचं बोट तिथून हलेना.

“इतलं जवळ शे?” त्या म्हणाल्या. “आनि मी समजू, कितलं दूर.”

चार मुलगे, सुना, नातवंडं, आणि चाळीसेक वर्षांपूर्वीची ती एक मुलगी. अक्कांनी तिचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. मग एकेकीने बोट ठेवलं. गिरजाबाई म्हणाली, “माझं दगडाच्या अलीकडे. बरोब्बर काढलंस गं!” तिने शाबासकी दिली, आणि मला ती घेववेना. शेवंता मात्र फुलीकडे बघतच राहिली. “ताई,” ती म्हणाली, “लाल नको ना. चूक झाल्यावर मास्तर मारतात तशी दिसते.”

तेवढ्यात अक्कांनी विचारलं, “पावलं कोनी मोजी?”

“मी.”

“तुनी पावलं एवलीशी. नानानी लांब शेतस.”

खरंच की! नकाशा सगळाच चुकला होता. भूगोलात मला पैकीच्या पैकी मार्क होते, सांगून ठेवते.

अक्का उठल्या, नानांच्या ओट्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, “चालस का?” नानांनी सगळ्यांकडे बघितलं, आणि काठी घेतली. मग पुढे नाना, त्यांच्यामागे मी वही नि नकाशा घेऊन, आणि माझ्यामागे त्या सगळ्या जणी. ज्या रानात त्यांना कधी येऊ दिलं नव्हतं त्यात त्या पहिल्यांदा आल्या. चपला त्यांनी भिंतीबाहेरच काढल्या. नाना कडुनिंबाला पाठ लावून उभे राहिले, आणि मोठ्याने मोजत निघाले. एक. दोन. तीन. सातव्या पावलावर थांबले. अक्का तिथे बसल्या. गवतावरून त्यांनी हात असा फिरवला, जसा झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवतात.

शाळेची मधली सुट्टी झाली. मुलं ओसरीतून बघत होती, पण आली नाहीत. मंदा तेवढी आली, हळू चालत. तिच्या दप्तरात रंगीत पेटी होती. शेवंताने तिला काय सांगितलं कोण जाणे, पोर मांडी घालून बसली आणि माझ्या प्रत्येक फुलीवर हिरव्या पेन्सिलीने पानं आणि पिवळ्याने झेंडू काढू लागली. जिथे चुकलं होतं तिथे खोडून नानांच्या पावलांप्रमाणे. गिरजाबाईने पदराखालून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला होता, त्यातला तुकडा तिने मंदाच्या हातात दिला. मंदाने तो कडांसकट खाल्ला. मग दुसराही खाल्ला म्हणे! मला गिरजाबाईने नंतर सांगितलं. ज्या एका घासासाठी मी वर्षभर देव पाण्यात ठेवले होते, तो माझ्यापासून दोन हातांवर तिच्या पोटात गेला आणि माझं लक्षच नव्हतं.

माझं लक्ष पेन्सिलीकडे होतं. सगळे झेंडू काढून झाले तरी मंदाची पेन्सिल कागदावर फिरत होती. जागा शोधत.

“आई, आपल्या बाळाचं कुठे काढू?”

चार वर्षांत तिने त्याचं नाव काढलं नव्हतं. मला वाटायचं, ती विसरली. तीन वर्षांची तर होती, धुळ्याच्या त्या दारात माझा पदर धरून उभी.

“आपलं इथे नाही,” मी कसंबसं म्हटलं. “आपलं धुळ्याला.”

“धुळ्याला कुठे? किती पावलं?”

नाना, अक्का, शेवंता, गिरजा, सगळे माझ्याकडे बघत होते. इतक्या बायकांना मी आठवडाभर प्रश्न विचारले होते. आता माझी पाळी.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

मला वाटलं, आता ही रडेल. नाहीतर घाबरेल, बरगड्या आणखी वर येतील. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. पण मंदाने माझ्या मांडीवरची वही ओढून घेतली, एकेक पान उलटत सगळी नावं शेवटपर्यंत बघितली, आणि मग मान वर करून म्हणाली:

“तू सगळ्या गल्लीला विचारलंस. मग मामाला का नाही विचारलंस?”